मग तू काय बोललीस?

नमस्कार मंडळी. आपल्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या कमिटीनं मला अमेरिकेत नवीन आलेल्यांना नोकरीबद्दल चार गोष्टी सांगायला बोलावलंय, पण दोन आठवड्यांपूर्वी घरी जेवताना जे झालं ते डोक्यातून जातच नाहीये, त्यामुळे तेच बोलते.

ऑफिसात एका जागेसाठी इंटरव्ह्यू होते, मी पॅनलवर होते. एक ब्लॅक बाई आली होती, बारा वर्षांचा अनुभव, बारीक बारीक वेण्या मागे घट्ट बांधलेल्या, प्रश्न ऐकला की आधी वहीत दोन शब्द लिहायची आणि मग उत्तर द्यायची. सगळ्यांत उजवी तीच होती. ती गेल्यावर आमचा बॉस म्हणाला, चांगली आहे, पण क्लायंटसमोर जरा पॉलिश्ड नाही वाटत. बॉस आपल्याकडचाच, भारतातलाच. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि जागा दुसऱ्याला गेली. हे सगळं मी आमटी वाढता वाढता तावातावानं सांगत होते, आणि माझी सोळा वर्षांची लेक घास हातात तसाच धरून म्हणाली, "मग तू काय बोललीस?"

काही नाही बोलले.

अलाबामात चॅस्टिटी जोन्स नावाच्या बाईंना २०१० मध्ये नोकरी मिळाली होती, एचआरनं सांगितलं केसांच्या लॉक्स, म्हणजे वळलेल्या जटा, कापा, त्या नाही म्हणाल्या आणि नोकरी गेली. २०१६ मध्ये अपील कोर्टानंही कंपनीच्या बाजूनं निकाल दिला, का तर केसांची ठेवण बदलता येते म्हणे. मग २०१९ च्या जुलैत कॅलिफोर्नियानं केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा क्राउन अ‍ॅक्ट केला, डिसेंबरात आपल्या न्यू जर्सीनंही केला, आता वेण्यांवरून कुणाला नाकारता येत नाही. पण आमच्या खोलीत केसांचं नाव तरी कुणी काढलं? 'पॉलिश्ड नाही' एवढंच म्हणाले, त्याला कुठलं कलम लावणार? मी नवीन आले तेव्हा माझ्या उच्चारांवरून मलाही हाच शब्द ऐकवला होता, तेव्हा घरी येऊन रडले होते मी.

आणि आपण इथे आलो कसे? १९६५ च्या आधी अमेरिकेच्या कायद्यात भारतातून वर्षाला १०० जणांचा कोटा होता. तो कायदा बदलला तो ब्लॅक लोकांनी, त्यांच्या बायकांनी रस्त्यावर मार खाल्ला त्याच काळात, वंशभेदाला बंदी घालणाऱ्या सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टच्या पाठोपाठ. जोतिबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना, हे आपण जयंतीला याच स्टेजवरून सांगतो. आणि खाली पार्किंगमध्ये गेलो की "तो त्या लोकांचा एरिया आहे, जपून जा" हेही आपणच सांगतो. मुलं मागच्या सीटवर बसून ऐकत असतात हो.

आज निघताना लेकीला म्हटलं, मी मंडळात यावरच बोलणार आहे. ती म्हणाली, "तिथे बोलणं सोपं आहे आई, तिथे तुझा बॉस नसतो."

मंगळवारी परत पॅनल आहे. बॉस असणार, आणि माझ्या प्रमोशनवर सही त्याचीच लागते.