चार टाचण्या

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘शाळकरी मुलांचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि त्याच्या मर्यादा’. आत येताना एका बाईंनी विचारलं, ‘सर, पोरं घरात तोंड वर करून बोलतात तेवढं पुरे नाही का?’ बाई, तुमच्या प्रश्नाकडे मी येणारच आहे. त्याआधी एका कडीची गोष्ट सांगू द्या.

1991 साल. तालुक्याच्या गावी एका अनुदानित शाळेत मी मराठी शिकवायचो आणि भित्तिपत्रक माझ्याकडे होतं. भित्तिपत्रक म्हणजे काय ते इथं कुणाला सांगायला नको. ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात हिरवं कापड ताणलेला फलक, दर महिन्याला नवा विषय, चांगल्या अक्षराची मुलं हेरून त्यांच्याकडून लिहून घ्यायचं, कोपऱ्यात स्केचपेननं काढलेलं जास्वंदीचं फूल. ऑगस्टचा विषय होता ‘माझी शाळा’. तीसेक लेख आले आणि झाडून सगळ्यांत शाळा निसर्गरम्य परिसरात वसलेली. आमच्या शाळेमागे एसटीचा डेपो होता! तिसरी ओळ आली की सगळ्यांना पाखरांची किलबिल ऐकू येत होती. मुलांना दोष देत नाही मी. आम्हीच त्यांना असं लिहायला शिकवलं होतं.

एकच लेख वेगळा निघाला. नववीतल्या मुलीचा, जेमतेम अर्धं पान. ‘मुलींच्या मुतारीच्या दाराला कडी नाही. एक आत गेली की दुसरीनं बाहेरून दार ओढून धरायचं. मधल्या सुट्टीत धरणारी कुणी मिळाली नाही तर जायचं नाही. म्हणून आम्ही घरून निघाल्यापासून पाणी पीत नाही.’

पाच वर्षं मी त्या शाळेत होतो. रोज त्या दारावरून जायचो. मला कडीचं माहीत नव्हतं.

सोमवारी लेख लावला. मुली घोळक्यानं येऊन वाचायच्या आणि न बोलता वर्गात जायच्या. बुधवारी तपासणी होती. मंगळवारी दुपारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता. कितीतरी मुलांची फी त्यांनी स्वतःच्या खिशातून भरलेली मी पाहिली आहे. म्हणाले, ‘पोरीनं लिहिलंय ते खरं आहे. पण साहेब उद्या याच व्हरांड्यातून येणार. काढा ते.’ मी म्हटलं, ‘सर, त्यापेक्षा आज संध्याकाळी कडी बसवू. हार्डवेअरच्या दुकानात दहा-बारा रुपयांना मिळते.’ तर म्हणाले, ‘खरेदीला शालेय समितीची मंजुरी लागते.’

काढलं. मी काढलं, माझ्या हातांनी. चार टाचण्या होत्या. तीन सहज निघाल्या, चौथी कापडात रुतली होती, ती ओढताना कागदाचा कोपरा फाटला. ती मुलगी जिन्यापाशी उभी होती, खांद्याला पाण्याची बाटली. बाटली भरलेली होती, दुपारचे तीन वाजले होते. त्या जागी मी ‘श्रावणातील एक दिवस’ लावलं.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीत राज्यघटना कुठून आली? तर किडंगूरला चला. केरळातलं, कोट्टायम जिल्ह्यातलं गाव. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाच्या घरातली तीन भावंडं, एक दहावीत, एक नववीत, एक पाचवीत. परिपाठाला राष्ट्रगीत सुरू झालं की ती इतरांसारखीच उभी राहायची, पण गायची नाहीत, त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. वर्षानुवर्षं कुणाची तक्रार नव्हती. जुलै 1985 मध्ये एका आमदारांच्या ते नजरेला आलं, विधानसभेत प्रश्न उठला, चौकशी बसली. चौकशीत निघालं की मुलं कायदा पाळणारी आहेत, राष्ट्रगीताचा त्यांनी काडीचाही अनादर केलेला नाही. तरीही 26 जुलैला तिघांना शाळेतून काढलं. उच्च न्यायालयात मुलं हरली. 11 ऑगस्ट 1986 रोजी सर्वोच्च न्यायालयात जिंकली. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती एम. एम. दत्त यांचा तो निकाल प्रत्येक डी.एड., बी.एड.च्या अभ्यासक्रमात असायला हवा, असं मी पंचवीस वर्षं सांगतोय.

का, ते सांगतो. न्यायालयानं मुलांचा धर्मस्वातंत्र्याचा हक्क तर मानलाच, शिवाय अनुच्छेद 19 मधलं भाषणस्वातंत्र्यही मानलं. ते त्यांना अठरा पूर्ण झाल्यावर मिळणार आहे, असं म्हटलं नाही. पाचवीतल्या पोरीलाही ते होतं. या स्वातंत्र्यावर बंधन घालायचं तर ‘कायदा’ लागतो, आणि राष्ट्रगीत सगळ्यांनी गावं असं सांगणारं शिक्षण खात्याचं परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. जिथं खात्याचं परिपत्रक टिकलं नाही, तिथं उद्या साहेब येणार ही धास्ती कशी टिकेल? निकालाच्या शेवटी म्हटलंय की आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपलं तत्त्वज्ञान तिचा उपदेश करतं, आपली राज्यघटना ती आचरणात आणते, तिच्यात पाणी घालू नका.

संयोजकांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं. म्हणजे मर्यादा राहिल्याच. भराभर सांगतो.

या प्रश्नाचा सगळ्यात जास्त कीस अमेरिकेत पडलाय. तिकडं पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी शाळा, आपल्याकडच्या बड्या फीच्या नव्हेत. डिसेंबर 1965 मध्ये आयोवा राज्यात डे मॉइन गावच्या काही मुलांनी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधात दंडाला काळ्या फिती बांधल्या आणि शाळेनं त्यांना निलंबित केलं. 1969 साली तिथलं सर्वोच्च न्यायालय सात विरुद्ध दोन मतांनी म्हणालं, शाळेच्या फाटकाशी मुलांचे हक्क गळून पडत नाहीत. शाळेला बोलणं थांबवायचं असेल तर शिकण्या-शिकवण्यात मोठा अडथळा येईल किंवा दुसऱ्याच्या हक्कावर गदा येईल, हे दाखवावं लागेल. नुसतं अवघडल्यासारखं वाटतं, हे कारण चालणार नाही. मला पटलेली मर्यादा हीच.

पुढं 1988 मध्ये त्याच न्यायालयानं पाऊल मागं घेतलं. मिसुरीतल्या हेझलवूडच्या मुख्याध्यापकांनी मुलांच्या वर्तमानपत्राची दोन पानंच काढली होती. त्यांत गरोदर विद्यार्थिनींवर आणि आईबापांच्या घटस्फोटावर लेख होते. पाच विरुद्ध तीन मतांनी ते मान्य झालं, कारण अंक शाळेचा. त्या मुली ओळखू येतील ही मुख्याध्यापकांची काळजी खरी होती, ती मी खोटी म्हणणार नाही. पण तेवढे तपशील गाळता आले असते. त्या पानांवर दुसरे लेखही होते, तेही गेले. 2021 साली मात्र शनिवारी, शाळेबाहेर, स्नॅपचॅटवर शिवी लिहिलेल्या मुलीच्या बाजूनं निकाल लागला, आठ विरुद्ध एक. बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात अर्धं आहे. घरी तोंड वर करून बोलली तर शाळेनं त्यात पडू नये. घरचं तुमचं तुम्ही बघा.

मर्यादा मला मान्य आहे. भित्तिपत्रकावर कुणाच्या जातीवरून एक शब्द आला, कुठल्या मुलीचं नाव घालून काही आलं, तर त्याच मिनिटाला मी कागद उतरवीन. पण हे नियम जूनमध्ये लिहून फलकाशेजारी लावलेले हवेत, आणि कागद काढला तर कारण लिहून त्या मुलाच्या हातात द्यायला हवं. इथं शालेय समितीवर असलेले जे कुणी आहेत, त्यांनी एवढी एक गोष्ट येत्या बैठकीत ठेवावी. कारण लिहायला बसलं की कळतं, आपल्याकडे ते आहे की नाही. त्या मंगळवारी मी त्या मुलीला काहीच सांगितलं नाही. तिच्यासमोरून कागद घेऊन स्टाफरूममध्ये गेलो आणि दार लावून घेतलं. त्या दाराला आतून कडी होती.