पहिल्या मिटींगपेक्षा दुसरी अवघड

या ना, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत... बरं राहू द्या, मागेच बसा. मीपण माझ्या पहिल्या मिटींगला दाराजवळची खुर्ची पकडलेली, पटकन सटकता यावं म्हणून.

मला आज सांगितलंय की दारू सोडायला सपोर्ट ग्रुप शोधायचा कसा आणि जायचं कसं यावर बोला. आता शोधणं हे खरंच पाच मिनिटांचं काम आहे हो. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, असं नेटवर टाकलं की हेल्पलाईन, मिटींगचे वार, वेळ सगळं सापडतं, घराबाहेर पडायची लाज वाटत असेल तर ऑनलाईन मिटींग आहेत, तिथे कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकलं तरी चालतं बऱ्याच ठिकाणी. फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही. अट एकच, दारू सोडायची इच्छा. सोडलेली असायला हवी असं नाही हां, इच्छा! ओपन मिटींगला घरचेसुद्धा येऊ शकतात, क्लोज्ड मात्र फक्त पिणाऱ्यांसाठी.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. रोज भरपूर घेणारा माणूस असेल तर जोशात येऊन एका रात्रीत बंद करू नका, आधी डॉक्टरला भेटा. शेवटच्या पेगनंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम व्हायला लागतो, नसलेलं दिसतं, आणि यात माणसं दगावतात. ग्रुप म्हणजे हॉस्पिटल नाही.

तर, सगळे म्हणतात पहिल्या मिटींगला जायला हिंमत लागते. मला नाही पटत. पहिल्या मिटींगला माणूस बहुतेक वेळा मार खाऊन येतो, आदल्या रात्री काहीतरी झालेलं असतं, बायको माहेरी गेलेली असते नाहीतर नोकरीवरून नोटीस आलेली असते, म्हणजे ढकललेलाच असतो तो. खरी गंमत पुढच्या आठवड्यात. झोप लागायला लागते, हात थरथरायचे थांबतात, आणि डोकं वकिली सुरू करतं की अरे तिथला तो माणूस सकाळी उठल्या उठल्या प्यायचा, मी तर संध्याकाळी सातच्या आत बाटलीला हात लावत नाही, मी कुठे त्यांच्यातला! मी हेच केलं. दुसऱ्या मिटींगला पोचायला मला चार महिने लागले, आणि तोपर्यंत सातचे पाच झालेले, मग सकाळपण झाली. म्हणून जुने मेंबर सांगतात, फरक शोधू नको, आपल्यासारखं काय आहे ते ऐक.

आणि हे फक्त माझंच नाही. एए सुरू कशी झाली बघा. मे १९३५, अमेरिकेतलं ॲक्रन गाव. बिल विल्सन नावाचा माणूस, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, धंद्याच्या कामासाठी आलेला आणि ते काम फिसकटलेलं, हॉटेलच्या लॉबीत उभा. एकीकडे बार, दुसरीकडे टेलिफोन. दुसऱ्या पिणाऱ्याशी बोललो तर आपण पिणार नाही, म्हणून तो फोनकडे गेला आणि विचारत विचारत अशा माणसापर्यंत पोचला जो स्वतः पिणारा आहे, डॉक्टर बॉब स्मिथ, सर्जन. बॉब म्हणाले पंधरा मिनिटं देतो, आणि दोघं तासन् तास बोलत बसले. पण पुढचं कोणी फारसं सांगत नाही. बॉब त्यानंतर काही आठवड्यांतच एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि तिथे परत प्यायले! १० जून १९३५ हा त्यांच्या शेवटच्या दारूचा दिवस धरतात, आणि तोच एएचा स्थापना दिवस. म्हणजे ज्या दोघांनी संस्था काढली त्यातलाच एक पहिल्या भेटीनंतर घसरला होता. तेव्हा स्लिप झाली म्हणून तोंड लपवायचं काही कारण नाही, उलट त्याच आठवड्यात जायचं.

आता, मिटींगमध्ये देवाचं नाव निघतं म्हणून बरेच जण बिचकतात. एएचा दारू सोडायचा जो बारा पायऱ्यांचा कार्यक्रम आहे त्यात देव आहे, खोटं कशाला बोलू, पण ‘आपल्याला जसा कळला तसा’ असं त्यातच लिहिलंय. आमच्याकडे एक गृहस्थ ग्रुपलाच उच्चशक्ती मानतात, त्यांचं छान चाललंय. तरी नाही जमलं तर स्मार्ट रिकव्हरी नावाचे वेगळे ग्रुप आहेत, १९९४ पासून, त्यात देवाऐवजी विचार आणि सवयी कशा बदलायच्या त्यावर काम असतं. घरच्यांसाठी अल-ॲनॉन वेगळं आहे, १९५१ पासून, तिथे पिणाऱ्याला सुधारायचं नसतं, स्वतःला सावरायचं असतं. आणि ‘नुसतं गप्पा मारून काय होतंय’ म्हणणाऱ्यांसाठी, २०२० साली कोक्रेननं, म्हणजे वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेनं, २७ अभ्यास एकत्र तपासले, दहा हजारांवर लोकांचे. दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत एए आणि तिकडे वळवणारे उपचार हे इतर नावाजलेल्या थेरपीइतके, कधी कधी त्याहून सरस निघाले.

ग्रुप नाही आवडला तर दुसरा बघा, प्रत्येकाची हवा वेगळी असते. पण एका मिटींगवर निकाल देऊ नका, सहा तरी बघा. बोलायची सक्ती नाही, ‘आज ऐकायला आलोय’ एवढं पुरे. मध्येच कोणी तुम्हाला उपदेश करणार नाही, एक जण बोलतो तेव्हा बाकीचे गप्प, अशी बहुतेक ठिकाणी पद्धतच आहे.

फक्त संपल्यावर पळू नका. मी पहिल्यांदा पळालो आणि तिथेच चुकलो. दुसऱ्या वेळी खुर्च्या आवरायला थांबलो तेव्हा एका काकांनी न विचारता चिठ्ठीवर नंबर लिहून दिला, म्हणाले, प्यायच्या आधी कर, नंतर करून उपयोग नाही. तिसऱ्या रात्री साडेअकराला केला. त्यांनी उचलला, म्हणाले, ‘बरं झालं केलास, मलापण झोप येत नव्हती.’