फान रांग: पांडुरंग नावाचा मुलूख

(दृश्य: पहाट. निवडुंगांची कोरडी टेकडी, माथ्यावर विटांचं देऊळ.)

हे फान रांग. व्हिएतनामच्या दक्षिण किनाऱ्यावरचं शहर. इथल्या चाम लोकांच्या तोंडी ते ‘पान्रांग’, आणि जुन्या शिलालेखांत ‘पांडुरंग’.

हो, पांडुरंग! मराठी माणूस इथे थबकणारच. पण पंढरीच्या विठोबाशी याचं नातं जोडायची घाई नको. इथे हे एका राज्याचं नाव होतं. चंपा म्हणजे चाम लोकांच्या जुन्या राज्यांचा समूह. त्यातलं हे अगदी दक्षिणेकडचं, आणि सर्वांत शेवटपर्यंत तग धरलेलं. १८३२ मध्ये व्हिएतनामी सम्राट मिन्ह मांगने ते खालसा केलं.

राज्य गेलं. देऊळ उभं आहे.

(दृश्य: दारावरचं शिल्प.)

हे पो क्लाँग गराय. तेराव्या शतकाच्या अखेरीस राजा तिसऱ्या जय सिंहवर्मनने बांधलेलं. दारावर नाचणारा शिव, आत नंदी, गाभाऱ्यात मुखलिंग. त्या लिंगावरचा चेहरा मात्र पो क्लाँग गराय या राजाचा. त्याने बंधारे बांधले, शेतात पाणी आणलं, असं चाम लोक सांगतात. व्हिएतनाममधला हा सर्वांत कोरडा भाग. म्हणूनच त्या चेहऱ्यापुढे आजही हात जोडले जातात.

शरद ऋतूत चाम लोकांचा ‘काटे’ नावाचा उत्सव येतो. देवाची वस्त्रं डोंगरातले रागलाय लोक सांभाळतात. ती वाजतगाजत खाली येतात. मग दार उघडतं, मूर्तीला स्नान घालतात, वस्त्रं नेसवतात. आपल्याला यात काहीच परकं वाटत नाही.

(दृश्य: बाऊ त्रुक गाव. मातीने माखलेले हात.)

शहराच्या दक्षिणेला बाऊ त्रुक हे कुंभारांचं गाव. इथे चाक नाही. बाई मातीचा गोळा एका उपड्या रांजणावर ठेवते आणि स्वतःच त्याच्याभोवती फिरते. एक पाऊल मागे, आणखी एक मागे. एक हात आतून, एक बाहेरून. ओल्या फडक्याने काठ सारखा करते. भट्टीही नाही, लाकडं आणि पेंढा रचून भांडी उघड्यावरच भाजतात. ज्वाळा जिथे जशी लागेल तसा डाग पडतो, त्यामुळे एकासारखं दुसरं भांडं निघत नाही.

ही कला आईकडून लेकीकडे येते. २०२२ मध्ये युनेस्कोने तिची नोंद केली, तीही तातडीने जपायला हव्या अशा वारशांच्या यादीत. शिकायला येणाऱ्या मुली कमी झाल्यात.

(दृश्य: रांजणाभोवती उमटलेली पावलं. आवाज फक्त ओल्या मातीचा.)