तिथी बघून निघा: सुंदरबनच्या बोटसफरीची तयारी

(सुंदरबनला निघालेल्या मंडळींसमोर भुसावळात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची गाडीची तिकिटं निघाली आहेत, सामानाची यादीही झाली असेल. मी आज सामानाविषयी थोडं आणि पाण्याविषयी जास्त बोलणार आहे. सुंदरबनात बोट किती वाजता सुटणार, कुठल्या खाडीत शिरणार, काठावर मगर दिसणार की नुसती हिरवी भिंत, हे सगळं भरती-ओहोटी ठरवते. सहलीच्या छापील कार्यक्रमात 'सकाळी ७, सुधन्यखालीचा मनोरा' असं लिहिलेलं असतं. त्या सातला पाणी चढतं असेल की उतरतं, ते कागदावर नसतं. ते आपल्याला माहीत असलं पाहिजे.

आपली तापी एकाच दिशेला जाते. मुलताईकडून येते, सातपुड्याच्या पायथ्याने पश्चिमेला निघते. पुराच्या वेळी हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले तरी तिची दिशा बदलत नाही. सुंदरबनात मात्र नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते. समुद्राचं पाणी सहा तास आत चढतं, मग सहा तास बाहेर जातं. हा फेरा रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतो. म्हणजे आज सकाळी आठला पूर्ण ओहोटी असेल तर उद्या ती पावणेनऊच्या पुढे येईल. तीन दिवसांच्या मुक्कामात तुमची सकाळ रोज वेगळ्या पाण्यावर उजाडणार.

आता घरच्या दिनदर्शिकेत तिथी बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी जंगलात खूप आतपर्यंत शिरतं, आणि उतरतं तेव्हा मोठाच्या मोठा चिखलाचा काठ उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा चढ-उतार कमी. कोकणातल्या माणसाला हे कोणी सांगावं लागत नाही, आपल्याला सांगावं लागतं. माझं मत विचाराल तर उधाणाचे दिवस धरून जा. अरुंद खाड्यांत बोट घालायला भरतीचं पाणी लागतं, आणि जनावर बघायचं तर ओहोटीचा काठ लागतो. उधाणात दोन्ही भरपूर मिळतं. बंगालीतले दोन शब्द पाठ करून जा. 'जोआर' म्हणजे भरती, 'भाटा' म्हणजे ओहोटी. पहिल्या संध्याकाळी गाइडला वाघाचं विचारण्याआधी उद्याचा भाटा किती वाजता ते विचारा. तो तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघेल, आणि जमलं तर सकाळचा कार्यक्रम त्याप्रमाणे लावेल.

भूगोलाची एक गोष्ट मला फार आवडते. भुसावळ साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि सुंदरबन साडेएकवीस ते साडेबावीसच्या दरम्यान. दोन्ही कर्कवृत्ताच्या थोडं खाली, सूर्य जवळपास तोच. पण इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास. तिथे पाऊस त्याच्या दुपटीहून जास्त, आणि पायाखाली गंगा-ब्रह्मपुत्रेने आणून टाकलेला गाळ. त्या गाळावर भारत आणि बांगलादेश मिळून सुमारे दहा हजार चौरस किलोमीटरचं खारफुटीचं जंगल उभं आहे. आपल्याकडचा भाग १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला, १९८७ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, आणि २०१९ पासून ४२३० चौरस किलोमीटरचं क्षेत्र रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे.

आकडे लक्षात राहिले नाहीत तरी चालेल. ओहोटीला उघडा पडलेला एक काठ मात्र नीट बघून या. गाइडला इंजिन बंद करायला सांगा आणि दहा मिनिटं एकाच जागेकडे बघा. आधी फक्त करडा, चकाकणारा चिखल दिसेल. त्यातून पेन्सिली उलट्या रोवाव्यात तशी हजारो टोकं वर आलेली असतात. ती झाडांची श्वासमुळं. चिखलात हवा नाही, म्हणून मुळांनी हवेसाठी वर डोकं काढलेलं. मग त्या टोकांच्या मधे काहीतरी सरकतं. तो निवटा. मासा, पण पाण्याबाहेर चिखलावर फिरणारा, पुढच्या पंखांवर रेटा देत उड्या मारणारा, डोळे डोक्याच्या वर आलेले. त्याच्या शेजारी बोटाच्या पेरापेक्षा लहान खेकडे असतात. नराची एक नांगी अंगाच्या मानाने प्रचंड मोठी, आणि तो ती सारखी वर-खाली हलवत असतो, माद्यांना बोलावायला आणि दुसऱ्या नरांना धमकवायला. नजर चिखलाला सरावली की मग पलीकडचं लाकूड लाकूड नाही, खाऱ्या पाण्यातली मगर आहे, हे ध्यानात येतं. हिवाळ्यात ती ऊन खायला काठावर येऊन पडते. हरणांच्या खुरांचे ठसे दिसतात. आणि एखाद्या वेळी पाण्यातून वर चढलेल्या मोठ्या पंजांची रांग, थेट झाडीत गेलेली.

इथे प्रश्न येतोच. मागच्या रांगेतल्या काकांनी मघाशीच विचारला, "भाऊ, वाघ दिसी का?"

काका, खरं सांगतो, बहुतेकांना दिसत नाही. काठाकाठाने हेंताल नावाची बुटकी ताडाच्या जातीची झाडी असते. तिच्या पिवळट झावळ्यांत वाघाचे पट्टे विरून जातात. तो चार हातांवर बसलेला असेल आणि आपली बोट समोरून जाईल. तिथला वाघ खाड्या पोहून ओलांडतो, खेकडे-मासेही खातो. दिसला तर तुमचं भाग्य थोर. पण तेवढ्यावर सहलीचा हिशेब लावलात तर बाकीचं सगळं हातचं जाईल. सात-आठ तास डेकवर बसून पत्ते कुटणारी आणि 'काहीच दिसलं नाही' म्हणून परत येणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्यांच्या उजव्या-डाव्या हाताला खंड्याच्याच किती जाती उडत होत्या!

नियमांचं थोडक्यात सांगतो. वनखात्याचा परवाना लागतो, तो ओळखपत्रावर मिळतो. आधारची मूळ प्रत जवळ ठेवा. प्रत्येक बोटीवर वनखात्याने मान्यता दिलेला गाइड असावाच लागतो. अंधार पडल्यावर जंगलात बोट फिरत नाही. नेमून दिलेले निरीक्षण मनोरे आणि वनखात्याची ठाणी सोडून कुठेही पाय खाली टाकायचा नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. गाइड बहुतेक गोसाबा भागातल्या गावांतलेच असतात. त्यांच्या नात्यागोत्यात मध गोळा करायला किंवा खेकडे धरायला जंगलात गेलेलं आणि परत न आलेलं माणूस असू शकतं. वाघाच्या गोष्टी त्यांच्याकडून चवीने उकरून काढू नका. त्यांनी आपणहून सांगितलं तर शांतपणे ऐका. सजनेखालीला बनबिबीचं, म्हणजे जंगलाच्या रक्षक देवीचं देऊळ आहे. जंगलात उतरणारे हिंदू आणि मुसलमान दोघंही तिला हात जोडून जातात. चपला काढून जा.

आता सामान. भुसावळहून हावडा म्हणजे एक दिवस आणि एक रात्र. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी गाडीत पुरेल एवढी घ्या. कोलकात्याहून गदखालीच्या धक्क्यापर्यंत रस्त्याने तीनेक तास, तिथून बोट. शाकाहारी मंडळींनी नाव नोंदवतानाच तसं सांगा, आयत्या वेळी वरण-भात-भाजीवर भागवावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाण्यावर वारा झोंबतो, स्वेटर-मफलर लागतोच. दुपारी तेच ऊन पाण्यावरून उलटून तोंडावर येतं, म्हणून रुंद काठाची टोपी. कपडे मातकट किंवा हिरवट. दुर्बीण असली तर फार बरं, दोघांत एक पुरे. रोजची औषधं दोन दिवस जादा घ्या आणि पुडी पिशवीत नको, अंगावर ठेवा. रोख पैसे कोलकात्यातच काढा. पाण्याची एक बाटली घ्या आणि बोटीवरच्या जारमधून भरत राहा. वेष्टन, पिशवी, काहीही नदीत जाता कामा नये. भरती ते सगळं त्या श्वासमुळांत नेऊन अडकवते.

गुडघेदुखी असलेल्या मावश्या आणि काकांसाठी खास. भरतीला बोट धक्क्याला लागून उभी असते. ओहोटीला तीच बोट कितीतरी खाली जाते, आणि ओल्या, गाळ बसलेल्या पायऱ्या उतरून अरुंद फळीवरून चढावं लागतं. चांगली पकड असलेले, मागे पट्टा असलेले सँडल घ्या. दोन्ही हात मोकळे ठेवा, बॅग बोटीवरच्या पोराकडे द्या. तो हात पुढे करेल तेव्हा संकोच करू नका, धरा.

तारखेचं अजून ठरलं नसेल त्यांनी मे महिना आणि पावसाळा टाळा. २५ मे २००९ ला आयला चक्रीवादळ आलं, २० मे २०२० ला अम्फान. आयलात बांध फुटून खारं पाणी शेतांत शिरलं आणि पुढची काही वर्षं तिथे भात धड पिकेना. आपल्याकडे केळीच्या बागा वादळाने आडव्या होतात तेव्हा घरात काय होतं, रावेर-यावलच्या लोकांना मी सांगायला नको. गोसाब्यात त्या बांधांवरून चालाल तेव्हा एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला नदीपेक्षा खाली असलेलं शेत दिसेल. खारफुटी वाचली पाहिजे असं मी म्हणतो तेव्हा वाघाइतकंच मला ते शेतही दिसतं. वाऱ्याचा आणि लाटेचा पहिला मार ती झाडं झेलतात.

शेवटचं काम. येत्या रविवारी पहाटे आपण चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर जमतोय. हतनूरच्या फुगवट्यात पूर्णेने वऱ्हाडातून आणलेला गाळ साचतो. धरण भरत चाललं म्हणून आपण हळहळतो आणि ते बरोबरच आहे, पण त्याच उथळ पाण्यावर हिवाळ्यात हिमालयापलीकडून पट्टकादंब उतरतात, चक्रवाक येतात, लालसरी बदकांचे थवे बसतात. तिथे तासभर न बोलता बसायची सवय करू. दुर्बिणीतून हलतं पाखरू पकडायला शिकू. मासेमारी करणारे भोई बांधव येणार आहेत, त्यांना प्रश्न विचारा, पाण्याच्या रंगावरून खोली कशी ओळखतात ते. मोबाईल गाडीत राहतील. साडेसहाला देवळापाशी या, चहा मी आणतो. आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.