पेटंट कशाचं, कल्पनेचं की करामतीचं?

नमस्कार श्रोतेहो. टीव्हीवर कुणी काय पाहिलं, ही माहिती जाहिरातदाराला सोन्याच्या मोलाची. ती मिळवायच्या तंत्रावरून अमेरिकेत कंपन्या एकमेकींना कोर्टात खेचत असतात. सुरुवात मात्र आपल्या रेडिओपासून झाली, बरं का! रेडिओ कोणत्या स्टेशनवर लावलाय याची नोंद ठेवणारं ‘ऑडिमीटर’ नावाचं यंत्र बाजार-संशोधक आर्थर नील्सन यांनी 1936 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या दोन प्राध्यापकांकडून मिळवलं.

आता यंत्राची जागा ‘फिंगरप्रिंट’नं घेतली आहे. काही सेकंदांच्या आवाजात कोणत्या क्षणी कोणते सूर ठळक होते, एवढंच टिपायचं आणि ते कार्यक्रमांच्या साठ्याशी ताडून पाहायचं. जुळलं, की कार्यक्रम सापडला. वाहिनीला काही करावं लागत नाही आणि प्रेक्षकाला पत्ताही लागत नाही.

याच धंद्यातल्या सांबा टीव्ही या कंपनीनं 2015 मध्ये अल्फॉन्सो या दुसऱ्या कंपनीवर खटला भरला. सांबाच्या एका पेटंटचा गाभा असा: टीव्हीवर काय चाललंय ते ओळखायचं आणि त्याला साजेशी जाहिरात मोबाइलवर पाठवायची. यात अडचण एकच. मोबाइलमधल्या प्रत्येक अ‍ॅपला ‘सँडबॉक्स’ नावाचं सुरक्षेचं कुंपण असतं, आणि बाहेरच्या उपकरणाशी त्याला सहज बोलता येत नाही. ते कुंपण ओलांडलं हाच आमचा शोध, असं सांबाचं म्हणणं.

मे 2021 मध्ये फेडरल सर्किट या अपील कोर्टानं निकाल दिला. कुंपण ओलांडणं नवीन आहे असं मानलं, तरी ते ओलांडलं कसं, हे पेटंटच्या दाव्यांत, म्हणजे ज्यावर हक्क मागितलाय त्या कलमांत, कुठंच नाही. उरली ती माणसाच्या आवडीप्रमाणे जाहिरात दाखवायची नुसती कल्पना, आणि तिला पेटंट मिळत नाही. मला हा निकाल पटतो. नाहीतर पहिला बोलला त्याचीच मालकी, असं झालं असतं.

या खटल्यात प्रेक्षकाच्या परवानगीचा प्रश्न मात्र नव्हता. तो 2017 मध्ये व्हिझिओ या टीव्ही विकणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात आला. 1 कोटी 10 लाख टीव्हींमधून संमतीविना माहिती गोळा केल्याचा आरोप होता, आणि कंपनीनं 22 लाख डॉलर भरून तो मिटवला. त्या सोयीचं टीव्हीच्या सेटिंगमधलं नाव होतं ‘स्मार्ट इंटरॅक्टिव्हिटी’. त्यावरून कुणाला काय कळणार होतं, कपाळ! नमस्कार.