पांचोबाईंची धावपट्टी

मंडळी, कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात १९१० च्या सुमाराला कोरम नावाचं कुटुंब राहायला गेलं. टपाल कचेरीला त्यांनी आपलंच नाव सुचवलं, पण तशाच नावाचं गाव राज्यात आधीपासून होतं. मग त्यांनी रोमन अक्षरं उलटी लावली आणि वस्ती झाली म्युरॉक. शेजारी प्रचंड कोरडं तळं. हिवाळ्यात त्यात वीतभर पाणी साचतं, वारा ते इकडून तिकडे ढकलतो आणि चिखल सारवल्यासारखा सपाट होतो. उन्हाळ्यात त्यावर खुशाल विमान उतरवावं.

अमेरिकी वैमानिक फ्लोरेन्स बार्न्स, म्हणजेच पांचो, १९३५ मध्ये इथे आल्या. विमानं त्यांच्या घरातच होती म्हणा ना. त्यांचे आजोबा थॅडियस लो यांनी अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेसाठी बलूनमधून टेहळणी केली होती. बाईंनी स्वतः १९३० मध्ये ताशी १९६ मैल वेग गाठून नामवंत वैमानिक अमेलिया इअरहार्टचा महिलांचा वेगाचा विक्रम मोडला होता. पुढे मंदीत पैसा गेला आणि त्यांनी या रेताडात लसूणघासाचं शेत घेतलं. गाई पाळल्या, डुकरं पाळली. शेजारच्या लष्करी तळावरचं खरकटं डुकरांना घालायचं आणि दूध, मांस त्याच तळाला विकायचं! शेताला लागून त्यांनी स्वतःची धावपट्टी केली, हँगर उभारले. मग खोल्या, तलाव, घोडे, आणि वैमानिकांचा ‘हॅपी बॉटम रायडिंग क्लब’.

१९४७ च्या ऑक्टोबरात हवाई दलाचे चाचणी वैमानिक चक येगर इथूनच रात्री घोड्यावरून रपेटीला निघाले, पडले आणि दोन बरगड्या मोडून घेतल्या. दुखणं त्यांनी वरिष्ठांपासून लपवलं. हात जोर धरेना, म्हणून मित्र जॅक रिडली यांनी झाडूच्या दांड्याचा तुकडा कापून दिला. त्याची तरफ करून विमानाचं दार बंद केलं आणि १४ ऑक्टोबरला येगर यांनी ‘बेल एक्स-१’ या रॉकेट विमानातून ध्वनीचा वेग ओलांडला. या इतिहासात प्रयोगशाळेइतकाच त्या गोठ्याचाही वाटा आहे, असं मी मनापासून मानतो.

मग आलं भूसंपादन. हा शब्द आपल्याकडच्या शेतकऱ्याला काही समजावून सांगायला नको. विमानं जेटची झाली, हवाई दलाला धावपट्टी लांबवायची होती आणि बाईंची जमीन तिच्या वाटेत होती. क्लबवर अनैतिकतेचे आरोपही झाले. बाई कोर्टात गेल्या, स्वतःची बाजू स्वतः मांडली. खटले चालू असतानाच १९५३ च्या नोव्हेंबरात आग लागली आणि सगळं भस्म झालं. भरपाई मिळाली ३,७७,५०० डॉलर. जागा गेली ती गेलीच.

मला खरा सल आहे तो पुढचा. ज्या धावपट्टीसाठी हे घर उठवलं, ती तिथवर कधी आलीच नाही. शेजारच्या त्या तळाचं नाव आता एडवर्ड्स हवाई तळ, आणि आजही ती जागा त्याच्या कुंपणाआड आहे. पाये, भिंतींचे तुकडे, कारंज्याचे अवशेष आणि भोवती काटेरी झुडपं. बाई १९७५ मध्ये गेल्या. त्यांच्या मुलाने विमानातून त्यांची रक्षा याच जागेवर विखुरली.