१०१ दिवस, २३ नमुने

दृश्य : शीतकपाटातून बाहेर काढलेला रॅक. नळ्यांवर रुग्णक्रमांक एकच, तारखा वेगवेगळ्या.

धडधाकट माणसाला कोविड झाला, तर विषाणूला त्याच्या शरीरात फार दिवस थारा मिळत नाही. बदलायला सवडच नसते. पण ज्याचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालंय, ज्याला रिटुक्सिमॅबसारखं बी-पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी) संपवणारं औषध दिलंय, ज्याला रक्ताचा कर्करोग आहे किंवा ज्याचा एचआयव्ही बळावलाय, त्याच्या शरीरात हाच विषाणू महिनोन् महिने मुक्काम ठोकू शकतो. प्रतिकार होतो, पण अपुरा. विषाणू संपत नाही आणि त्याला स्वस्थही बसू दिलं जात नाही. नवे बदल निवडले जायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

केंब्रिजच्या संशोधकांनी २०२१ मध्ये अशाच एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. १०१ दिवस आणि २३ वेळा घेतलेले नमुने. पहिल्या ५७ दिवसांत रेमडेसिविरचे दोन कोर्स झाले, तरी विषाणूत फारसा फरक पडला नव्हता. मग कोविडमधून बरे झालेल्यांचा प्लाझ्मा दिला गेला आणि चित्र पालटलं. काटा प्रथिनात (ज्यानं विषाणू पेशीला चिकटतो त्यात) ६९ आणि ७० या जागांवरची अमिनो आम्लं गळालेली आणि ७९६ व्या जागी बदल झालेला विषाणू वरचढ ठरला. प्लाझ्मातली प्रतिपिंडं ओसरली, तसा तो मागे पडला. प्लाझ्मा पुन्हा दिला, तो पुन्हा वर आला. ७९६ चा बदल प्रतिपिंडांना चकवत होता, पण त्यापायी संसर्गक्षमता घटत होती. ६९-७० च्या गळतीनं ती तूट भरून काढली.

यातला कुठलाही एकच नमुना हातात असता, तर ही चढउतार कुणाला दिसली नसती. म्हणून अतिजोखमीच्या रुग्णांत सिक्वेन्सिंगनं, म्हणजे विषाणूची जनुकीय अक्षरं वाचून, पाळत ठेवायची, तर पहिला प्रश्न यंत्राचा नसतो, वेळापत्रकाचा असतो. उपचार सुरू होण्यापूर्वी एक नमुना हवाच. त्यानंतर पीसीआर पॉझिटिव्ह येत असेपर्यंत साधारण आठवड्याला एक, शिवाय प्रत्येक नवं विषाणूरोधक किंवा प्रतिपिंड दिल्यानंतर एक. सर्वांत जास्त हुकतो तो उपचारापूर्वीचा. तो नसला, की बदल औषधामुळे आला की रुग्ण तो घेऊनच आला होता, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

दृश्य : स्वॅबची काडी नळीत मोडली जाते. झाकण घट्ट फिरतं.

काडी दोन-तीन मिलिलिटर व्हीटीएममध्ये (विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रवात) बुडलेली. दोन ते आठ अंश तापमानात नमुना ७२ तास टिकतो, त्यापुढे उणे ७० किंवा त्याहून खाली. गोठवण्यापूर्वीच त्याचे छोटे भाग करून ठेवावेत, कारण नळी गोठवून वितळवली, की दर खेपेला विषाणूचा आरएनए (जनुकीय साहित्य) तुटत जातो. आणखी एक गोष्ट : या रुग्णांत नाकाचा स्वॅब निगेटिव्ह आणि फुप्फुस धुऊन काढलेला द्रव पॉझिटिव्ह, असं घडतं. दोन्हीकडचा विषाणू तंतोतंत सारखा असेलच असं नाही. नमुना कुठून घेतला हे नळीवर लिहिलेलं नसेल, तर पुढची तुलना फसवी ठरते.

आता सीटी. पीसीआरच्या कितव्या फेरीला विषाणू दिसू लागला, तो हा आकडा. मोठा आकडा म्हणजे कमी विषाणू. साधारण ३.३ फेऱ्यांमागे दहापट, म्हणजे २० आणि ३० सीटीच्या नळ्यांत हजारपटीचा फरक. तिशीच्या आतला नमुना सिक्वेन्सिंगला बहुधा त्रास देत नाही. ३४-३५ च्या नळीत मात्र आरएनएच्या मोजक्याच प्रती असतात आणि पीसीआर त्या मोजक्यांचंच पीक काढतं. योगायोगानं हाती लागलेली एखादी प्रत फुगून ४० टक्के दिसते. अहवालात ‘नवा बदल, ४० टक्के’ असं छापून येतं. प्रत्यक्षात ती दोन टक्केही नसते.

यावर एकच खात्रीचा उपाय आहे. त्याच आरएनएपासून सीडीएनए (आरएनएची डीएनए प्रत) दोनदा वेगवेगळं बनवायचं, दोन्ही स्वतंत्र चालवायचे आणि दोन्हीकडे दिसेल तेवढंच मानायचं. खर्च दुप्पट होतो. पण एकदाच चालवलेल्या उच्च-सीटी नमुन्यावरून टक्केवारी सांगणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे.

दृश्य : आठ नळ्यांची पट्टी. पिपेट एका मिश्रणातून दुसऱ्या मिश्रणाकडे.

सार्स-कोव्ह-२ चा (कोविडच्या विषाणूचा) जिनोम सुमारे ३०,००० अक्षरांचा. प्रचलित पद्धतीत त्याचे सुमारे ४०० अक्षरांचे, एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे वाढवतात. शेजारचे तुकडे एकाच नळीत वाढवले, तर प्रायमर (तुकड्याच्या टोकाला चिकटून प्रती काढायला सुरुवात करणारे छोटे डीएनए) मधला छोटा चढलेला भागच वाढवत बसतात. म्हणून सम तुकडे एका मिश्रणात, विषम दुसऱ्यात.

गोची होते ती प्रायमर बसतो त्याच जागी विषाणू बदलला तर. प्रायमर नीट चिकटत नाही आणि अख्खा तुकडा गळतो. डेल्टा आणि ओमिक्रॉन आले तेव्हा प्रायमरचे संच याचसाठी बदलावे लागले. तुकडा गळणं परवडलं, निदान ती जागा ‘एन’ म्हणून कोरी दिसते. वाईट असतं ते सॉफ्टवेअरनं त्या कोऱ्या जागी संदर्भ जिनोमची (तुलनेसाठी ठेवलेल्या मूळ विषाणूची) अक्षरं भरणं. मग बदललेला विषाणू मूळपदावर आल्यासारखा दिसतो आणि त्यावर शोधनिबंध लिहायला कुणीतरी बसतं. प्रायमरची स्वतःची अक्षरं रीडमधून (यंत्रानं वाचलेल्या तुकड्यांतून) छाटली नाहीत, तरी हाच घोळ होतो.

नेहमीचा निकाल म्हणजे बहुमताचा क्रम : प्रत्येक जागी सर्वाधिक रीडमध्ये दिसलेलं अक्षर. साथ कुठे चालली आहे हे पाहायला तो पुरतो. एका रुग्णातली उलथापालथ पाहायला नाही, कारण ३० टक्क्यांवर पोचलेला बदल त्यात दिसतच नाही. म्हणून अल्पमताचं अक्षर पाहायचं. त्या जागी किमान काहीशे रीड हवेत आणि साधारण पाच टक्क्यांखालच्या आकड्यावर विसंबू नये.

अल्पमताची अक्षरं एक-दोन जागी दिसली, तर तो बदल असू शकतो. पण दुसऱ्या एखाद्या उपप्रकाराची ओळख असलेल्या दहा-पंधरा जागांवर एकदमच, साधारण सारख्याच टक्केवारीनं दिसली, तर तो त्या रुग्णातला बदल नव्हे. शेजारच्या नळीचा शिंतोडा उडालाय किंवा दोन विषाणूंची एकत्र लागण झाली आहे. प्लेटचा नकाशा काढा, लगतचे नमुने बघा आणि कोऱ्या पाण्याच्या नियंत्रण-नळीत (जिच्यात नमुनाच नसतो) काय वाढलंय ते आधी तपासा.

दृश्य : संगणकावर वंशवृक्ष. एका फांदीवर लागोपाठ चार ठिपके.

चार महिन्यांनी पुन्हा पॉझिटिव्ह. जुनाच संसर्ग की नवा? उपप्रकार वेगळा निघाला, तर उत्तर सोपं. तोच निघाला, तर वंशवृक्षात पाहायचं. नमुना त्याच रुग्णाच्या जुन्या नमुन्यांतून फुटलेल्या फांदीवर बसतो, की सध्या समाजात फिरणाऱ्या विषाणूंत? बाहेरून केव्हाच नाहीसा झालेला उपप्रकार सापडला, तर तो बहुधा आतच दडून होता.

केंब्रिजच्या रुग्णात दिसलेली ६९-७० ची गळती पुढे अल्फामध्ये आणि ओमिक्रॉनच्या बीए.१ मध्येही आढळली. तीन जनुकं शोधणाऱ्या एका प्रचलित पीसीआर चाचणीत त्यामुळे काटा प्रथिनाचं एस जनुक दिसेना, उरलेली दोन मात्र येत राहिली. सिक्वेन्सिंगची वाट न पाहता संशयित नमुने वेगळे काढायला ही खूण फार कामी आली. दक्षिण आफ्रिकेनं २४ नोव्हेंबर २०२१ रोजी ओमिक्रॉनची खबर जागतिक आरोग्य संघटनेला दिली, तेव्हाही. नंतर आलेल्या बीए.२ मध्ये ही गळती नव्हती आणि तीच खूण निरुपयोगी ठरली.

फ्लूमध्ये नजर वेगळ्या जागी. एच१एन१ च्या रुग्णाला ओसेल्टामिविर हे फ्लूचं औषध चालू असूनही विषाणू हटत नसेल, तर न्यूरामिनिडेज या प्रथिनाचा २७५ वा क्रमांक. बॅलोक्सॅविर हे दुसरं औषध दिलं असेल, तर पीए प्रथिनातला ३८ वा. आरएसव्ही या श्वसनविषाणूत एफ प्रथिन, कारण निर्सेव्हिमॅब हे प्रतिपिंड तिथेच चिकटतं.

दृश्य : नर्सिंग स्टेशनवर छापील अहवाल.

वॉर्डात ३०,००० अक्षरांची फाइल पाठवून उपयोग नसतो. नमुन्याची तारीख आणि जागा, उपप्रकार, चालू औषधाला जुमानेनासा करणारा बदल आहे की नाही, असल्यास किती टक्के, आणि ती जागा नीट वाचता आली की कोरी राहिली, एवढं एका पानात मावतं. शेवटचा मुद्दा बहुतेक अहवालांतून गळतो. सोट्रोव्हिमॅब हे कोविडवरचं प्रतिपिंड घेतलेल्या रुग्णात काटा प्रथिनाची ३४० वी जागा कोरी असताना ‘प्रतिरोध आढळला नाही’ असं लिहून गेलं, तर डॉक्टर ते ‘प्रतिरोध नाही’ असंच वाचतात.